खसखसच्या पेटीतली हवा

मी एक जुना आर्द्रतामापक आहे. नाव भारी वाटतं, पण माझं काम साधं आहे. हवेत दमटपणा किती आहे, ते मी सांगतो. साकोलीतल्या ज्या घरात मी राहतो, तिथे मला नुसतं ‘मीटर’ म्हणतात. तळहाताएवढी गोल पितळी डबी, पुढे काच, काचेआड पांढरी तबकडी, तिच्यावर शून्यापासून शंभरापर्यंत आकडे आणि एक बारीक काळा काटा. मित्रांनो, बाहेरून मी घड्याळासारखा दिसतो, पण माझ्या पोटात चाकं नाहीत. तिथे माणसाचा एक केस ताणून बसवलेला आहे. हवा दमट झाली की तो केस जरासा लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि तेवढ्यावर माझा काटा सरकतो. तो केस कुणाच्या डोक्यावरचा, हे मला कधीच कळलं नाही.

अंबाल्याच्या एका लहान कारखान्यात मी तयार झालो. तिथून लाकडी भुशात गुंडाळून मला पवनीला आणलं आणि धानाच्या बियाण्याच्या गोदामात एका खांबावर टांगलं. त्या गोदामाचे राखणदार होते यादोराव. ते मूळचे कोंढ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. बियाणं दमट हवेत राहिलं तर ते पेरून उगवत नाही, म्हणून यादोराव सकाळी दहाला आणि दुपारी चारला माझ्यापुढे उभे राहत, चष्मा वर करून आकडा वाचत आणि वहीत लिहीत. काटा सत्तरच्या पुढे गेला की ते खिडक्या लावून घेत आणि मोठा पंखा सुरू करत. बावीस वर्षांत त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. शेतकरी त्यांच्या बियाण्याची तारीफ करत, तेव्हा ते माझ्याकडे बोट दाखवत.

“याले इचारा. हा सांगते, मी आयकतो.”

ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे गोदामात बटणाचं नवं यंत्र आलं आणि मला टेबलाच्या खणात टाकलं. यादोराव सेवानिवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी साहेबांना विचारून मला मागून घेतलं. रुमालात गुंडाळून, शर्टाच्या खिशात घालून ते मला साकोलीच्या घरी घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळा ठोकून त्यांनी मला तिथे अडकवलं. पहिले काही महिने ते रोज बघत. मग दोन दिवसांनी, मग कधीतरी. घरात हवेचा आकडा कुणाला लागतो? दाराच्या त्या बाजूने रोज फोडणीचा धूर येई. तो माझ्या पाठीमागच्या जाळीतून आत शिरे. वर्षामागून वर्षं गेली आणि माझ्या पोटातल्या केसावर एक तेलकट, चिकट थर बसला. मला तो जाणवत होता. पण मी सांगणार कोणाला आणि कसं?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत यादोरावांची मुलगी राखी नागपूरहून एक काचेची पेटी घेऊन आली. ती तिथे औषधनिर्माणाचं शिकते. पेटीत एक पिवळसर पाल होती, अंगभर काळे ठिपके असलेली. तिला लेपर्ड गेको म्हणतात. ही वाळवंटी मुलखातली पाल असते. राखीच्या एका मैत्रिणीला शहर सोडून जायचं होतं, म्हणून तिने ती राखीला दिली होती. वनखात्याकडची नोंदही राखीच्या नावावर करून घेतली होती. पण वसतिगृहात प्राणी ठेवायला परवानगी नव्हती.

राखीची आई उषाबाई पेटीपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या.

“आपल्या घरी पाली कमी हायेत का, का तू नागपूरहून आणली?”

“आई, ही भिंतीवर चढत नाही. पाय पाहा तिचे. अन पापण्या मिटते ती, आपल्यावाणी.”

तेवढ्यात पालीने खरंच डोळे मिटून उघडले. उषाबाई एक पाऊल जवळ आल्या. ठिपक्यांवरून राखीने तिचं नाव ठेवलं होतं खसखस.

“खायले का देऊ इले?” यादोरावांनी विचारलं.

“अळ्या अन किडे आणले मी डब्यात. एक दिवसाआड द्यायचे. पाणी फारसं लागत नाही, मैत्रीण म्हणे. वाळवंटातली हाये ना.”

मित्रांनो, सगळा घोर या एका वाक्यापासून सुरू झाला.

मे महिना आला. आमच्या भागातला मे तुम्हाला सांगायला नको. हवेतलं पाणी असं उडून जातं की दोरीवर टाकलेला कपडा उषाबाई घरात येईपर्यंत वाळतो. माझा काटा बारावर येऊन टेकला होता. खसखसचं अंग पांढुरकं पडलं. ती कात टाकत होती, पण कात सुटत नव्हती. दगडाला डोकं घासून घासून तिने पाठीवरची काढली. पायांवरची तशीच राहिली.

“तिच्या बोटावर दोरा बांधल्यावाणी दिसते,” उषाबाई म्हणाल्या.

“निंगन आपोआप. सापाची निंगते तशी,” यादोराव म्हणाले.

ती निघाली नाही. वाळलेली कात आखडत गेली आणि तिने बोट आवळलं. चौथ्या दिवशी मागच्या डाव्या पायाच्या एका बोटाचं टोक काळं पडलेलं उषाबाईंनी पाहिलं. राखीला फोन गेला. राखीने नागपुरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं आणि लगेच उलट फोन केला. तिने सांगितल्याप्रमाणे उषाबाईंनी एका ताटलीत बोट बुडेल इतकंच कोमट पाणी घेतलं, खसखसला त्यात उभं केलं आणि ओल्या कापसाने एकेक बोट मोकळं केलं. ज्या बाईला पाल जवळ नको होती, तिच्याच हातात खसखस निमूट बसून राहिली. एकोणीस बोटं वाचली. विसाव्याचं टोक दोन दिवसांनी गळून पडलं.

यादोरावांनी ते टोक कागदावर घेतलं आणि किती तरी वेळ पाहत बसले.

त्या संध्याकाळी राखीने फोनवर सगळं नीट समजावलं. “बाबा, डॉक्टर म्हणतात, वाळवंटातले प्राणी दिवसा दगडाखाली, बिळात बसतात. तिथं खाली जमीन ओलसर असते. तिले एका उथळ झाकणात रोज ताजं पाणी पाहिजे. अन कात टाकायसाठी एक ओला कोपरा. बाकीची पेटी कोरडी. हवा तीस ते चाळीस.”

“तीस ते चाळीस,” यादोरावांनी कागदावर लिहिलं. मग ते उठले, माझ्याजवळ आले आणि मला खिळ्यावरून काढलं. पंच्याने माझी काच पुसली. काच चकचकीत झाली. आतल्या केसाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

“आता काही फिकीर नाही. मीटर हाये आपल्याजवळ,” ते म्हणाले.

उषाबाईंनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तापलेल्या सुरीने भोक पाडलं, आत नारळाच्या शेंडीची ओली किशी भरली आणि तो पेटीच्या कोपऱ्यात ठेवला. लोणच्याच्या बरणीचं झाकण पाण्यासाठी आलं. मला पेटीच्या आतल्या बाजूला टांगलं. खसखस माझ्याकडे मान वाकडी करून बघत असे. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला काम दिलं होतं. यादोराव पुन्हा दहाला आणि चारला येऊ लागले. कोरड्या हवेत माझं थोडंफार जमत होतं. जून बरा गेला.

जुलैत मात्र माझी झोप उडाली. बाहेर धानाच्या बांध्यांत रोवणी सुरू होती, तळी काठोकाठ भरली होती आणि घरातल्या भिंतींनाही ओल आली होती. ती ओल मला चारी बाजूंनी जाणवत होती. केसाला लांबायचं होतं, पण तेलाच्या थराने तो जागीच चिकटला होता. मी जीव खाऊन काटा पुढे ढकलायचा प्रयत्न करत होतो. काटा सत्तावीसवर अडून राहिला.

यादोरावांनी आकडा वाचला. “कमी पडून राह्यली ओल,” असं म्हणत त्यांनी फवारा मारायची बाटली आणली आणि पेटीत पाणी फवारलं. काटा हलेना म्हणून पुन्हा फवारलं. दुसऱ्या दिवशी किशीचा आणखी एक ओला डबा ठेवला. पेटीच्या तळाला अंथरलेला कागद ओला झाला. काटा कसाबसा अडतीसवर आला, तेव्हा कुठे त्यांना समाधान वाटलं.

मित्रांनो, खोटं बोलणं आणि खरं बोलता न येणं यांत फरक आहे, पण त्या पेटीत बसलेल्या जिवाला तो फरक काय कामाचा? दररोज दहाला आणि चारला मला धडकी भरे. यादोराव यायचे, चष्मा वर करायचे आणि माझ्या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून पाणी मारायचे. दोन आठवडे हे असं चाललं.

खसखसने अळ्या खाणं सोडलं. ती डब्यात जाईना. पेटीच्या पार टोकाला, काचेला टेकून, मान वर करून बसू लागली. तिचा श्वास मला ऐकू यायचा. आत काहीतरी बारीक खरखरायचं.

एका सकाळी उषाबाई पाणी बदलायला आल्या आणि थांबल्या.

“अवो, इकडं या. तिच्या नाकावर फुगा येऊन राह्यला.”

यादोरावांनी वाकून आधी माझ्याकडे पाहिलं. “मीटर अडतीस दाखवते. हवा बरोबर हाये.”

“मीटर का म्हंते ते राहू द्या. तुमी तिच्याकडं पाहा. तोंड उघडं ठेवून श्वास घेऊन राह्यली ते.”

“बावीस वर्षं पाह्यला मी हा मीटर. एका दाण्याले कधी बुरशी नाही लागली.”

“माचीस पेटून नाही राह्यली घरात,” उषाबाई शांतपणे म्हणाल्या. “मिठाचे खडे झाले. पापड हातात वाकते. अन तुमचा मीटर म्हंते हवा कोरडी हाये.”

यादोरावांनी ती बाटली खाली ठेवली. पण मला पेटीतून काढलंही नाही.

उषाबाईंचा फोन गेला तशी राखी शनिवारी संध्याकाळच्या बसने आली. पिशवीतून तिने एक नवा, आकडे दाखवणारा लहानसा मीटर काढून माझ्या शेजारी ठेवला. थोड्या वेळात त्याच्यावर आकडा आला, एकाहत्तर. माझा काटा एकोणचाळीसवर होता. तिने क्षणभर दोन्हींकडे पाहिलं. मग ओले डबे बाहेर काढले, खालचा कागद काढला, पेटी पुसून कोरडी केली, वरची जाळी उघडी ठेवली आणि बाजूला दिवा लावून ऊब दिली. डॉक्टर सोमवारी भेटणार होते.

“नवा हाये तो,” यादोराव दारातून म्हणाले. “नव्याचा काय भरोसा?”

राखीने वाद घातला नाही. “बाबा, दोघांतला खरा कोणता, हे कसं पाहायचं? तुमाले माहीत असन.”

यादोराव उंबरा ओलांडून पेटीजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मिठानं पाहतात. गोदामात दरसाली करत होतो मी. बंद डब्यात ओलं मीठ ठेवलं का आतली हवा पंचाहत्तरवर येते. कमी नाही, जास्त नाही.” थांबून ते म्हणाले, “घरी आणल्यावर एकदाही नाही केलं.”

रविवारी सकाळी नऊला उषाबाईंनी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा धुऊन पुसून दिला. बाटलीच्या एका झाकणात मीठ घेऊन त्यावर यादोरावांनी थेंबथेंब पाणी टाकलं, भिजलेल्या वाळूसारखं होईपर्यंत. ते झाकण, नवा मीटर आणि मी, तिघांना डब्यात ठेवलं. झाकण बंद झालं.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. मिठाची दमट हवा अंगाभोवती दाटत चालली होती. बाहेर पावलं वाजत. यादोराव दर थोड्या वेळाने डब्याजवळ येत आणि न उघडता परत जात. जेवायला बसल्यावर त्यांनी भात अर्धा ठेवला, हे उषाबाईंच्या बोलण्यावरून मला कळलं. मी सगळा जोर लावून काटा ढकलत होतो. पंचाहत्तर, पंचाहत्तर, असं मनाशी म्हणत होतो.

पाच वाजता झाकण उघडलं. नवा मीटर चौऱ्याहत्तर दाखवत होता. मी बेचाळीस.

यादोरावांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, खिशातल्या लहान पेचकसाने पाठीमागची जाळी उघडली आणि उजेडात धरलं. तपकिरी, चिकट थर त्यांनी पाहिला.

“तिले श्वास नव्हता घेता येत, अन मी पाणीच मारत राह्यलो,” ते म्हणाले.

“भेवानं केलं तुमी,” उषाबाई म्हणाल्या. “बोट गेलं तवापासून भेव बसला तुमाले.”

“भेवानं केलं तरी तिलेच भोगा लागलं ना.”

उषाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसल्या. यादोरावांचा हात माझ्याभोवती घट्ट मिटला होता. मला वाटलं, आता हे मला भंगारात टाकतील, आणि टाकलं तर त्यांची काही चूक नाही.

सोमवारी पहाटेच्या बसने राखी खसखसला डब्यात घालून, कापडी पिशवीतून नागपूरला घेऊन गेली. छातीत कफ झाला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. औषधाचे थेंब सुरू झाले. त्यानंतरचे अकरा दिवस पेटी रिकामी होती. रोज संध्याकाळी सातला फोन वाजे आणि यादोराव तो दुसऱ्या घंटेला उचलत. तिसऱ्या दिवशी, खाल्लं नाही. पाचव्या दिवशी, पाणी चाटलं, पण खाल्लं नाही. सहाव्या दिवशी फोनच आला नाही. यादोरावांनी स्वतः लावला, तो लागला नाही. उषाबाई दिवा लावून देवाजवळ बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष फोनकडे होतं. साडेनऊला फोन आला. राखीचा मोबाइल बंद पडला होता. खसखसने एक अळी खाल्ली होती.

त्या दिवसांत यादोरावांनी मला टाकलं नाही. राखीच्या जुन्या चित्रकलेच्या ब्रशने आणि इन्व्हर्टरसाठी आणलेल्या शुद्ध पाण्याने त्यांनी माझा केस साफ केला. एका बैठकीत झालं नाही, तीन दुपारी लागल्या. मग ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवलं, म्हणजे ताठरलेला केस पुन्हा सैल व्हावा. पुन्हा मिठाच्या डब्यात गेलो. संध्याकाळी त्रेसष्टवर आलो. त्याच्या वर काही जाईना.

“नवा हाये ना आता. मंग याले कायले ठेवता?” उषाबाईंनी विचारलं.

“दोघं असले तं एक चुकला का दुसरा सांगन.” त्यांनी कागदाची लहान पट्टी कापली, तिच्यावर लिहिलं ‘यात बारा मिळवा’ आणि ती माझ्या काचेच्या खाली चिकटवली.

बाराव्या दिवशी खसखस परत आली. वजन घटलं होतं, शेपूट बारीक झाली होती. पण तोंड मिटलेलं होतं आणि श्वासाचा आवाज येत नव्हता. आता पेटीत खाली कोरडा कागद असतो, तो रोज बदलतात. ओल फक्त श्रीखंडाच्या डब्यात. झाकणातलं पाणी सकाळी ताजं. यादोराव अजूनही दहाला आणि चारला येतात, पण आधी पेटीशेजारी खुर्ची ओढून बसतात. खसखसचं नाक बघतात, डोळे बघतात, पोटाची हालचाल बघतात. मग माझ्याकडे वळतात.

सप्टेंबरात तिचं अंग पुन्हा पांढुरकं झालं. त्या दोन दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डब्याच्या भोकातून बाहेर आली, लख्ख पिवळी, ओल्या खडूसारखी ताजी. सुटलेली कात तिने स्वतःच खाऊन टाकली, या पाली तसं करतात. उषाबाईंनी तिला तळहातावर घेऊन बोटं मोजली आणि राखीला फोन लावला.

“एकोणीसच्या एकोणीस साफ हायेत,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा रडून राह्यले, त्याहिले फोन देत नाही.”

मित्रांनो, घरात जीव आणलात तर तो कुठून आला आणि तिथे त्याला पाणी कसं मिळत होतं, हे आधी जाणत्या माणसाला विचारा. नुसती माया पुरत नाही. भीतीच्या पोटी केलेली माया तर जास्तच जपून करावी लागते. आणि माझ्यासारख्या वस्तूवर विश्वास ठेवत असाल, तर तिची काच पुसून थांबू नका. आत काय साचलंय तेही बघा, कारण आम्हाला सांगता येत नाही.

आज महिन्याची एक तारीख आहे. दर एक तारखेला यादोराव मला मिठाच्या डब्यात ठेवतात. आताही मी आतच आहे. अंधार आहे, दमट हवा दाटते आहे आणि दर वेळेसारखं माझं मन धास्तावलं आहे. केस म्हातारा होत चालला आहे, हे मला कळतं. कदाचित आज बाराऐवजी तेरा मिळवावे लागतील, कदाचित चौदा. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. यादोराव डब्याजवळ येऊन बसले आहेत. कागदावर कात्री चालल्याचा आवाज येतो आहे, ते कोरी पट्टी कापताहेत.